होई आनमध्ये फिरायचं कसं? काही महिने राहिल्यानंतरचा अनुभव

मध्य व्हिएतनाममधल्या होई आनला विमानतळ नाही आणि रेल्वे स्टेशनही नाही. दोन्हीसाठी दा नांग गाठावं लागतं, अंतर साधारण ३० किलोमीटर. विमानतळावरून ग्रॅब ॲपवर गाडी मागवली की भाडं आधीच दिसतं. साधारण ३ ते ४ लाख डोंग, म्हणजे हजार ते तेराशे रुपये. पाऊण तासात पोचता. एवढ्यासाठी बाहेर उभ्या असलेल्या दलालांशी घासाघीस करत बसू नका.

खरा प्रश्न गावात पोचल्यावरचा. मी ऑफिसचं काम लॅपटॉपवर करत इथे काही महिने राहिले आणि सगळं वापरून पाहिलं. माझं मत ठाम झालंय: होई आन सायकलचं गाव आहे. रस्ते सपाट, अंतरं छोटी. जुनं गाव ते आन बांगचा समुद्रकिनारा चार-पाच किलोमीटर, आणि हाय बा त्रुंग रस्ता बराचसा भातशेतीतून जातो. वाटेत त्रा क्वे हे भाजी पिकवणारं गाव लागतं. सकाळी सहाला निघालं तर वाफ्यांना पाणी घालणारी माणसं भेटतात. दहानंतर मात्र ऊन सोसत नाही.

बहुतेक होमस्टे सायकल फुकट देतात. भाड्याने घेतली तरी दिवसाला ३० ते ५० हजार डोंग, म्हणजे शंभर-दीडशे रुपये. पुढे बास्केट, गियर नाही, सीट बहुधा खाली सरकवलेली. घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीट वर करून मागा आणि कुलूप चालतंय ना ते दुकानातच तपासा. महिन्यासाठी घेणार असाल तर भाव निम्म्यावर येतो, फक्त विचारायला हवं. मी घेतलेल्या पहिल्या सायकलचा मागचा टायर इतका गुळगुळीत होता की दोनदा पंक्चर झाली. दुकानवाल्या बाईंनी कुरकुर न करता दुसरी दिली.

पार्किंगची पद्धत मला फार आवडली. बाजाराजवळ सायकल लावली की काकू खडूने सीटवर नंबर लिहितात आणि त्याच नंबरची कागदी चिठ्ठी हातात देतात. पाच-दहा हजार डोंग लागतात. चिठ्ठी जपून ठेवा, परत नेताना ती बघूनच सायकल सोडतात. आन बांगला मात्र किनाऱ्याच्या बऱ्याच आधीपासून लोक हात करून आपल्याच पार्किंगमध्ये बोलावतात. तिथे पैसे आधी विचारून घ्या.

मोटरसायकलबद्दल स्पष्टच लिहिते, कारण आपल्याकडची तरुण मुलं पहिल्याच दिवशी स्कूटर घेतात. दुकानदार परवाना विचारत नाही, म्हणून तो लागत नाही असं नाही. ५० सीसीच्या वरच्या गाडीला व्हिएतनाममध्ये वैध परवाना लागतो आणि आपला नुसता भारतीय परवाना तिथे चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे चौकात आपली नजर सवयीने आधी नको त्या दिशेला वळते. हेल्मेट सक्तीचं आहे. पिऊन चालवण्याला शून्य सवलत आहे. २०२० पासून दंड खूप वाढलेत आणि तो नियम सायकलस्वारालाही लागू आहे. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नका, रोख रक्कम ठेवा. दा नांगजवळचा हाय वान घाट बघायचाच असेल तर चालकाच्या मागे बसून जा. दृश्य तेच दिसतं आणि बघायला डोळे मोकळे राहतात.

आई-बाबा आले तेव्हा हिशोब बदलला. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे रोज ग्रॅब. गावातल्या गावात भाडं परवडतं. अडचण एकच: जुन्या गावात सकाळी काही वेळ आणि दुपारी तीननंतर रात्रीपर्यंत मोटारींना आणि मोटरसायकलींना बंदी असते. १९९९ पासून जागतिक वारसा असलेला तो भाग त्यामुळेच शांत राहिलाय, आणि मला ही बंदी मनापासून पटते. पण गाडी त्रान हुंग दाओसारख्या बाहेरच्या रस्त्यावरच येते. थकलेल्या माणसांना आधी तिथवर चालत आणा, बाकावर बसवा आणि मगच गाडी मागवा. सायक्लो, म्हणजे पायाने चालवायच्या तीनचाकी रिक्षा, आत फिरतात, पण त्यांचे दर बसण्याआधी ठरवा.

‘मी सन’ या जुन्या मंदिरांच्या ठिकाणी आम्ही दिवसभरासाठी भाड्याने घेतलेल्या गाडीने गेलो, साधारण ४० किलोमीटर. इथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली ती विटांची शिवमंदिरं. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे काही वर्षं जतनाचं काम केलंय, आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. बाबा त्या आवारात बराच वेळ रेंगाळले. बसच्या सहलीत गाइडच्या घड्याळाने चालावं लागलं असतं, म्हणून वयस्कर माणसं सोबत असतील तर स्वतंत्र गाडीचे जास्तीचे पैसे मला योग्य वाटतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणार असाल तर वेगळा विचार करा. थू बोन नदीला पूर आला की जुन्या गावाच्या रस्त्यांवर पाणी चढतं आणि लोक होड्यांतून ये-जा करतात. त्या दिवसांत सायकल पडून राहते, ग्रॅबही लवकर मिळत नाही. तेव्हा नदीकाठची खोली टाळा, उंच भागातली घ्या. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर जुन्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, आन बांगच्या वाटेवर राहा. खोली स्वस्त मिळते आणि किनारा, बाजार, शेतं सगळं सायकलच्या टप्प्यात येतं.