वर्गमित्रांची खबरबात जमवायला गूगल फॉर्म्स: तीन वर्षं वापरून

आमच्या कॉलेजच्या वर्गाचं वार्षिक वार्तापत्र मी काढते. आम्ही ६१ जण, सगळे पन्नाशी ओलांडलेले. पूर्वी मजकूर ग्रुपवरून वेचायचे. एकदा एकाने वडील गेल्याचं ग्रुपवर लिहिलं आणि वर सुप्रभातच्या फुलांचा ढीग पडला. दिवसभर कुणाला ते दिसलंच नाही. त्या वर्षी मी गूगल फॉर्म्स घेतलं, म्हणजे प्रश्नावली बनवून तिची लिंक पाठवायचं गूगलचं साधन.

सोय म्हणून ते उत्तम आहे. पैसे पडत नाहीत. फॉर्म बनवणाऱ्याला गूगलचं खातं लागतं, साधी उत्तरं लिहिणाऱ्याला त्याची गरज नाही. उत्तरं एका शीटमध्ये जमा होतात, एका माणसाची एक ओळ. फोटो मात्र मी फॉर्ममधून मागवत नाही. फाइल जोडायची तर भरणाऱ्यालाही खात्यात साइन इन करावं लागतं, शिवाय त्या फाइली बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये येतात. तिथली मोफत जागा १५ जीबी, आणि त्यातच ईमेल आणि फोटोही धरलेले. फोटो फोनवर मागवणं बरं.

खरी कसोटी प्रश्नांची आहे, आणि तिथे पहिल्या वर्षी मी चुकले. ‘सध्याचं पद’ हा प्रश्न मी आवश्यक केला होता, लाल तारा लावून. ताऱ्याचा प्रश्न रिकामा ठेवून फॉर्म पुढे जात नाही. एका मित्राने तिथे नुसतं एक टिंब टाकलं होतं. आईची स्मृती जात चालली म्हणून त्याने २ वर्षांपूर्वी नोकरी सोडली होती. दुसऱ्या वर्षी तारा काढला आणि विचारलं, ‘सध्या तुझा दिवस कशात जातो?’ उत्तराचा प्रकारही ‘लघु उत्तर’ऐवजी ‘परिच्छेद’ केला. त्याने पानभर लिहिलं. आई त्याला ओळखत नाही, पण तो पेटी वाजवायला बसला की शेजारी येऊन बसते आणि चुकलेला सूर बरोबर पकडते. आमच्या वार्तापत्रात इतकं चांगलं काही त्याआधी छापलं गेलं नव्हतं.

दुसरी चूक मला उशिरा कळली. ‘मुलं काय करतात?’ या प्रश्नाशी येऊन एका मैत्रिणीने फॉर्म बंद केला होता. अर्धवट सोडलेला फॉर्म आपल्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे मी समजत होते की तिला वेळ झाला नसेल. तिला मूल नाही, हे मला चार महिन्यांनी फोनवर समजलं. आता पहिलाच प्रश्न असा आहे: ‘यंदा कशाबद्दल सांगावंसं वाटतं?’ घर, काम, तब्येत, काहीतरी नवं. जे निवडाल त्याच विभागात फॉर्म नेतो. ही सोय प्रश्नाखालच्या तीन टिंबांच्या मेनूत थोडी शोधावी लागते, पण अशा कामासाठी मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. ‘काहीतरी नवं’ निवडून त्याच मैत्रिणीने कळवलं की ५२व्या वर्षी ती पहिली पूर्ण मॅरेथॉन धावली, ४२.१९५ किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा चालत पार केला.

उत्तर पाठवल्यावर बदलण्याची मुभा आपण स्वतः चालू करावी लागते. ती जरूर करा, आणि बदलाची लिंक जपून ठेवायला सांगा. या वयात महिनाभरात बातमी बदलते. एकाने मुलीचं लग्न ठरल्याचं कळवलं होतं. तीन आठवड्यांनी ती ओळ त्याने स्वतःच काढली, आणि मला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

यंदा शेवटी एक प्रश्न वाढवला: ‘हे छापू का?’ पर्याय दोनच, ‘हो’ आणि ‘आधी फोन कर’. सहा जणांनी दुसरा पर्याय निवडला. त्यांतल्या चौघांशी बोलून झालंय, पाचवीला आज रात्री फोन करायचाय. तिने तब्येतीचा विभाग निवडून खाली काहीच लिहिलेलं नाही.