सह्याद्रीत वाट शोधताना: फोन, कागदी नकाशा की वाटाड्या?

राजगड किंवा कळसूबाईच्या मळलेल्या वाटेने दिवसाउजेडी जाणार असाल, तर फोन पुरतो. घाटवाट (घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी जुनी पायवाट), नाळ (दोन कड्यांमधली अरुंद, दगडांची घळ) किंवा कमी वावराची सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) निवडली असेल, तर फोनवर किती विसंबायचं हे घरीच ठरवा.

फोनचा जीपीएस उपग्रहांकडून जागा ओळखतो, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. म्हणून त्या भागाचा नकाशा आधीच ऑफलाइन साठवा आणि विमान मोड लावून तो उघडतो का, हे घरी तपासा. डोंगरातही विमान मोडच ठेवा. रेंज शोधण्यात फोनची बॅटरी भराभर उतरते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच मिळतात, म्हणजे ५,००० एमएएचचा फोन जेमतेम सव्वा वेळा भरतो.

उघड्या आकाशाखाली जागेची चूक सुमारे ५ मीटर असते. अरुंद नाळेत मात्र दोन्ही बाजूंच्या कातळावरून लहरी परावर्तित होतात आणि नकाशावर तुमची जागा दाखवणारं टिंब इकडे-तिकडे उड्या मारतं. पदरावरच्या (कड्यांमधल्या अरुंद सपाट पट्टीवरच्या) वाटेला वीस मीटरची चूकही परवडत नाही, कारण शेजारची पट्टी कड्याखालची असू शकते. त्याहून गंभीर गोष्ट उंचीची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे. त्याचा काठ आणि पायथा सपाट पडद्यावर जवळजवळ एकाच जागी दिसतात. बऱ्याच ॲपमधल्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २००० सालच्या अंतराळयानाच्या मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीचे चौकोन सुमारे ३० मीटरचे, त्यामुळे उभा कडा तिथे नुसत्या तीव्र उतारासारखा दिसतो.

दुसऱ्याने नोंदवलेला ट्रॅक (चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) वापरताना तारीख पाहा. फेब्रुवारीतली वाट सप्टेंबरात गवत-कारवीखाली गेलेली असते आणि तेव्हा कोरडा असलेला ओढा पावसाळ्यात ओलांडता येत नाही. अक्षांश-रेखांश टाकतानाही जपा: १९.५० अंश म्हणजे १९ अंश ३० मिनिटं, १९ अंश ५० मिनिटं नव्हे. या गोंधळात सुमारे ३७ किलोमीटरची चूक होते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या कागदी नकाशावर) २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. सगळी धार, खिंडी आणि आसपासची गावं एका नजरेत येतात, म्हणून वाट निवडायला कागदच सरस. होकायंत्राने समोरच्या दोन ओळखीच्या शिखरांच्या दिशा घ्या. प्रत्येक आकड्यात १८० मिळवा (३६० च्या पुढे गेल्यास ३६० वजा करा) आणि त्या दिशेने शिखरापासून रेषा ओढा. रेषा छेदतात तिथे तुम्ही. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एक अंशाहून कमी आहे, तो सोडून दिला तरी चालतो. होकायंत्र मात्र फोन आणि पॉवर बँकेपासून हातभर दूर धरा. सह्याद्रीच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यात वीज पडलेल्या माथ्यावर सुई फिरू शकते. म्हणून दहा-पंधरा पावलं सरकून पुन्हा मोजा.

कागदाच्या मर्यादाही साध्या आहेत. समोच्च रेषांत २० मीटरचं अंतर असल्याने १५ मीटरचा कातळटप्पा त्यांतून निसटू शकतो. आणि धुक्यात शिखरंच दिसत नसतील, तर दिशा कशाची घेणार? तिथे फोनच कामाचा. पण भर पावसात ओल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही, म्हणून फोन पारदर्शक पाऊचमध्ये ठेवा आणि आडोशाला थांबून पाहा.

नाळेत या वर्षी दरड आली का, टाक्यात पाणी किती उरलंय, शिडी शाबूत आहे का, हे दोन्ही नकाशांना ठाऊक नसतं. ते पायथ्याच्या वाडीतल्या माणसाला ठाऊक असतं. ‘वाट आहे ना?’ असं विचारलं तर ‘आहे की’ असंच उत्तर येतं, कारण त्यांच्यासाठी ती असतेच. त्यापेक्षा विचारा, ‘मामा, पावसाळ्यानंतर या नाळेने कोण उतरलं? दोर लागतो का?’ ‘अर्धा तास’ हा त्यांच्या पायांचा हिशेब. पाठीवर सॅक असेल तर दुप्पट धरा. वाटाड्याची मजुरी निघण्याआधी ठरवा आणि परतीचा वेळही त्यात मोजा, कारण तुम्ही कोकणात उतरलात तरी त्यांना तोच चढ पुन्हा चढायचा असतो.

पहिल्यांदा घाटवाट करत असाल, तर पैसे आधी वाटाड्यावर खर्च करा, मग होकायंत्रावर. वेगळं जीपीएस यंत्र अजून घेऊ नका. वाटाड्या सोबत असतानाही फोनवर ट्रॅक नोंदवत राहा, म्हणजे धुकं उतरलं तर आल्या वाटेने मागे फिरता येतं.