मोठं आख्यानकाव्य लिहायचंय: ओवी घ्यावी, श्लोक घ्यावा की पोवाडा?

गावावर, वर्धा नदीवर, रुक्मिणीवर किंवा दमयंतीवर मोठं कथाकाव्य लिहायचं ठरलंय, विषयही पक्का आहे, पण साचा कोणता घ्यावा इथे गाडी अडलीय, अशांसाठी हा आढावा आहे. मराठीत कथा पेलून दाखवलेले मुख्य साचे तीन: ओवी, गणवृत्तातला (लघु-गुरु, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा क्रम ठरलेला) श्लोक आणि पोवाडा. मुक्तछंदात दीर्घकविता होते, पण ती सप्ताहात वाचली जात नाही की डफावर चढत नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवली आहे.

साचा ठरवण्याआधी हे ठरवा की काव्य कोणाच्या तोंडून लोकांपर्यंत जाणार. पारायणात व्यासपीठावरून वाचलं जाणार, कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागात, आख्यानाला घेणार, की शाहीर उभ्यानं म्हणणार? कागदावर तिन्ही साचे सारखेच दिसतात. फरक घशात आणि कानात पडतो.

एकच प्रसंग घेऊन पाहू. कौंडण्यपूर, वर्धेचा काठ, अंबिकेच्या देवळातून रुक्मिणी बाहेर पडते. ओवीत:

ओटी भरून वळली बाहेरी । नजर लागली वाटेवरी ।
धूळ उठली नदीतीरी । आणि चाके वाजली ॥

अक्षरं मोजा: 11, 10, 9 आणि 7. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ग्रांथिक ओवीला साडेतीन चरणी म्हणतात ते याच अर्ध्या चरणामुळे. अक्षरसंख्येचं कुंपण नाही, लघु-गुरूचा हिशेब नाही. त्यामुळे कथा, वर्णन, संवाद, उपदेश, दृष्टांत असं सगळं तिच्यात मावतं.

आता तोच प्रसंग भुजंगप्रयात या गणवृत्तात. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. इथे चार वेळा ‘यमाता’ हा गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु, मिळून 12 अक्षरं:

भरी अंबिकेचीच ओटी कुमारी
तिची दृष्टि लागे नदीच्या किनारी

चाल सुंदर आहे, एकदा ऐकली की डोक्यात बसते. पण ‘अंबिकेचीच’ मधला ‘च’ पाहा. अर्थाला त्याची गरज नव्हती, गणाला होती. ‘दृष्टी’ ची ‘दृष्टि’ झाली, तीही गणासाठीच. ‘रुक्मिणी’ जाऊन ‘कुमारी’ आली. शिवाय चाकं अजून वाजलेलीच नाहीत! ओवीत चार चरणांत जेवढं घडलं, त्याला इथे आणखी दोन ओळी लागतील. दोन ओळींत एक भरतीचा ‘च’ खपून जातो. दोनशे श्लोकांत तेच ‘च’, ‘ही’, ‘बरा’, ‘पहा’ साठत गेले की ऐकणारा कंटाळतो, आणि का कंटाळला हे त्याला सांगताही येत नाही.

म्हणून श्लोक वाईट असं नाही. त्याची जागा वेगळी आहे. कीर्तनकाराला आख्यानात मधेच टाळी घेणारी, पाठ राहणारी ओळ हवी असते, तिथे ओवी फिकी पडते. संस्कृत महाकाव्यात सर्गाच्या शेवटी वृत्त बदलावं असं जुना काव्यशास्त्रकार दंडी सांगतो. ती युक्ती ओवीकाव्यातही वापरता येते: अध्याय ओवीत आणि शेवटचे दोन-तीन श्लोक वृत्तात. दंडीनंच गोड, स्वच्छ, लांब समासांपासून दूर राहणाऱ्या लेखनरीतीला ‘वैदर्भ’ म्हटलं आणि तिला श्रेष्ठ मानलं. विदर्भाच्या, म्हणजे आपल्या मुलखाच्या नावाची ही रीत श्लोक लिहिणाऱ्यानं आधी अंगी बाणवावी, कारण गण जुळवण्याच्या नादात समासांची माळ लावण्याचा मोह तिथेच होतो.

गण नको पण मोजमाप हवं, तर आर्या आहे. तिच्यात मात्रा मोजायच्या (लघूची एक, गुरूच्या दोन): पहिल्या अर्ध्यात 12 आणि 18, दुसऱ्यात 12 आणि 15. मोरोपंतांच्या म्हणून ज्या आर्या आपण ओळखतो, त्यातल्या बहुतेक खरं तर गीती आहेत, म्हणजे दोन्ही अर्धे 12 आणि 18 चे. नवख्यानं गीतीच घ्यावी, दोन्ही अर्धांची चाल सारखी राहते.

पोवाड्यात हाच प्रसंग ‘वर्धेच्या तीरी, धूळ उडे भारी, आली आली रथाची स्वारी, जी जी रं जी’ असा येईल. ओळ वाचताना ओबडधोबड वाटते. डफ, तुणतुणं आणि मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांचा ‘जी जी’ चा जीकारा मिळाला की तीच उभी राहते. चौक, म्हणजे पोवाड्याचा एक गायचा भाग, संपला की शाहीर गद्यात चार वाक्यं बोलतो, कथा पुढे ढकलतो आणि पुन्हा गातो. हा मोठा फायदा आहे: जोडकाम गद्यात होतं, कवितेवर त्याचा भार पडत नाही. मात्र पोवाडा घटनेवर जगतो. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या, एकच भेट आणि एकच वार. रुक्मिणीचं हरण पोवाड्यात उत्तम बसेल. पत्र लिहिण्याआधीची तिची रात्रभराची घालमेल मात्र बसणार नाही, डफ तिला थांबू देत नाही.

बोलीचा मुद्दा विदर्भात टाळून चालत नाही. वऱ्हाडीत डोळा ‘डोया’ होतो, पोळा ‘पोया’, पाणी ‘पानी’. म्हणजे ‘पोळा’ ला ‘माया’ चं यमक कागदावर चुकीचं आणि कानाला अगदी चोख. ओवी आणि पोवाडा कानावर चालतात, तिथे ही श्रीमंती खुशाल वापरा, पण मग लिहितानाही ‘पोया’ असंच लिहा. अर्धं प्रमाण आणि अर्धं बोलीतलं यमक नको. गणवृत्तात वऱ्हाडी फार अवघड जाते, कारण ‘करून रायला’, ‘काहून’ असले शब्द बोलताना स्वर लांबतात-आखडतात आणि गण सारखे मोडतात.

लांबीचा हिशेब लिहायला बसण्याआधीच करा. संथ चालीत एका ओवीला साधारण 10 सेकंद धरा. सुमारे 9 हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी सात दिवसांत काढायची, तर रोज जवळपास 1,300 ओव्या, म्हणजे साडेतीन तासांच्या वर. नव्या कवीला एवढा वेळ कोणी देणार नाही. सात अध्याय, प्रत्येकी 150 ओव्या, म्हणजे रोजची 25 मिनिटं. शेतातून आलेलं माणूस हातपाय धुऊन तेवढं नक्की बसतं. ग्रामगीतेचे 41 अध्याय आहेत आणि साडेचार हजारांवर ओव्या, म्हणजे तुकडोजी महाराजांचा अध्यायही सरासरी 110 ते 115 ओव्यांचाच पडतो.

ओवी सोपी वाटते आणि तिथेच बिघडते. गेले-केले-आले अशी क्रियापदांची यमकं सलग दोन ओव्यांत आली की समजा हात सैल सुटलाय. यमक नामावर किंवा विशेषणावर आणा. चौथा चरण उरलंसुरलं टाकायची जागा नाही. तिथे काहीतरी घडलं पाहिजे किंवा वळलं पाहिजे. आणि मधले दंड (।) काढून ओवी सरळ वाचून पाहा. ती साधी बातमी वाटली तर ती बातमीच आहे, चार तुकडे केल्यानं ओवी झाली नाही.

साच्याइतकाच कथेचा तुकडा कुठून कापला हे महत्त्वाचं. होमरनं ट्रॉयचं दहा वर्षांचं युद्ध पहिल्यापासून सांगितलं नाही. दहाव्या वर्षी एका वीराला आलेल्या रागापासून सुरुवात केली. महानुभाव कवी नरेंद्रानं कृष्णाचं सगळं चरित्र न घेता फक्त रुक्मिणीचं स्वयंवर घेतलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव कवयित्री महदाइसेनं पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या खेळात धवळे (लग्नगीतं) गायले, तेही याच एका लग्नावर. ‘आमच्या गावाचा इतिहास’ असा विषय असेल तर पुराचं एक साल, एक लग्न किंवा विहिरीचा एक वाद निवडा. बाकीचं दृष्टांतातून आणि पात्रांच्या बोलण्यातून आत येईल.

आमचं मत स्पष्ट आहे. पहिलंच मोठं काव्य असेल, गावात भजनी मंडळ असेल आणि कथेत मनाच्या हालचाली जास्त असतील, तर ओवी घ्या. जवळ झीलकऱ्यांसह शाहीर असेल आणि कथा एका दिवसात घडणारी असेल, तर पोवाडा. श्लोकात अख्खं काव्य लिहायचा विचार किमान शंभर श्लोक निर्दोष जमल्यावरच करा.

तरीही शंका असेल तर कथेतला सगळ्यात शांत प्रसंग निवडा, युद्धाचा नको. तो 20 ओव्यांत लिहा, मग त्याचेच 8 श्लोक आणि पोवाड्याचा एक चौक करा. तिन्ही दुसऱ्या कोणाच्या हाती द्या आणि भजन संपल्यावर देवळात मोठ्यानं वाचायला सांगा. वाचणारा ज्या ज्या शब्दावर अडखळेल तिथे पेन्सिलीनं खूण करत जा.