दिवा, मलम की सुरी? वरवरच्या त्वचेच्या कर्करोगाचा उपचार निवडताना

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या पाठीवरचा रुपयाएवढा, किंचित उंच कडेचा डाग बायोप्सीत वरवरचा बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार, ठरला, आणि घरात प्रकाशोपचाराची बाजू घेणारे तत्काळ पुढे आले. त्यांचा मुद्दा एकच होता : प्रकाशाने प्रतिकारशक्ती जागी होते, मग सुरी कशाला?

या म्हणण्यात तथ्य आहे. डागावर लावलेले औषध रोगग्रस्त पेशींत साचते आणि सुमारे तीन तासांनी त्यावर ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश सोडला की, पेशीतल्या ऑक्सिजनचे दाहक रूप तयार होऊन ती पेशी मरते. मरताना तिच्या पृष्ठभागावर कॅलरेटिक्युलिन या प्रथिनासारखे धोक्याचे संकेत उमटतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि डेंड्रिटिक पेशी गाठीची ओळख लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचवून टी-पेशींना तयार करतात. लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या उंदरांत प्रकाशाने विरलेल्या गाठी पुन्हा वाढल्या, म्हणजे उपचाराचा टिकाऊपणा प्रतिकारशक्तीवरही अवलंबून आहे. याच शहरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात प्रकाशाने कार्यान्वित होणाऱ्या औषधांचे प्रयोग हॅमस्टरच्या गालातील गाठींवर झालेले असल्याने इंदूरकरांना हा विषय तसा परका नाही. मात्र हॅमस्टर आणि मावशी यांत अंतर आहे.

कारण माणसाच्या त्वचेत याची उलट बाजूही दिसते. प्रकाश दिलेल्या जागी क्षयरोगाच्या ट्युबरक्युलिन चाचणीची प्रतिक्रिया काही स्वयंसेवकांत मंदावली, म्हणजे तिथली प्रतिकारशक्ती दबली. प्रकाश कमी तीव्रतेने, सावकाश दिला तेव्हा हा दबाव कमी होता. मूत्रपिंड बदललेल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत कर्करोगपूर्व डाग आरंभी चांगले बरे होऊनही पुढे अधिक प्रमाणात परतलेले आढळले आहेत. असे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

मलमाचा, म्हणजे इमिक्विमॉडचा, मार्ग उघड प्रतिकारशक्तीचाच आहे. ते त्वचेतल्या पेशींमधील एका ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवून इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्तीला जागे करणारे प्रथिन निर्माण करवते. आठवड्यातून पाच रात्री, सहा आठवडे लावायचे. त्या काळात जागा लाल होते, खपली धरते, काहींना तापासारखे वाटते. प्रकाशोपचाराच्या सहसा आठवड्याच्या अंतराने दोन बैठका होतात, पण दिव्याखालची ती काही मिनिटे चांगलीच जळजळतात आणि नंतर सुमारे दोन दिवस जागा उन्हापासून झाकावी लागते.

हॉलंडमधील ६०१ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनंतर गाठमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण प्रकाशोपचारात ६२.७ टक्के, फ्ल्युरोयुरासिल या दुसऱ्या, पेशींची वाढ रोखणाऱ्या मलमात ७० आणि इमिक्विमॉडमध्ये ८०.५ टक्के होते. ब्रिटनमधील वेगळ्या चाचणीत, कमी धोक्याच्या गाठींवर, शस्त्रक्रियेला ९७.७ टक्के यश मिळाले, तर इमिक्विमॉडला ८२.५ टक्के. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे कारण मला दिव्याच्या बाजूने पुरेसे वाटत नाही. त्याच निकषावर मलम पुढे आहे, आणि त्या निकषाशी संबंध नसलेली सुरी सर्वांत पुढे. अनेक डाग असतील, व्रण नको असेल किंवा शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर दिव्याचा विचार अवश्य करावा. नाकाजवळच्या, जाड वा खोल गाठींसाठी तो नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भारतीय त्वचेवरचे असे डाग बहुधा काळसर असतात, आणि रंगद्रव्य प्रकाश शोषून घेत असल्याने तो खाली पुरेसा पोहोचत नाही. मावशीचा डाग शाईच्या थेंबासारखा काळा होता. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिले, शस्त्रक्रियाच सुचवली, आणि मावशीने एवढेच विचारले की टाके दिवाळीच्या आत निघतील ना.