हिरोक्वेस्टची १९८९ ची पेटी: दुरुस्त करून, रंगवून आणि खेळून पाहिल्यानंतर

हिरोक्वेस्ट हा पटावरचा खेळ मिल्टन ब्रॅडली या कंपनीने गेम्स वर्कशॉपच्या सहकार्याने १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये आणला आणि पुढच्या वर्षी तो उत्तर अमेरिकेत पोहोचला. त्याची रचना स्टीफन बेकर यांची. एक खेळाडू दुष्ट जादूगाराची बाजू चालवतो, बाकीचे रानटी योद्धा, बुटका, एल्फ आणि मांत्रिक होऊन तळघरात उतरतात, आणि दार उघडेपर्यंत पलीकडे काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नसते. खेळाची एवढी ओळख बहुतेकांना असेलच. या परीक्षणात मला वेगळ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. ही पेटी आज जुन्या सामानातून, रंगाने माखलेली आणि थोडी मोडलेली अशी हाती आली, तर तिच्यावर काही महिन्यांच्या संध्याकाळी खर्च कराव्यात का? मी त्या केल्या आहेत आणि माझे उत्तर ठाम होकाराचे आहे. अट एकच: पेटीतले छोटे प्लास्टिकचे पुतळे कपाटात मांडण्यासाठी नव्हे, तर पटावर खेळण्यासाठी रंगवायचे, हे आधी मनाशी पक्के करावे लागते.

पूर्ण पेटीत ३५ पुतळे असतात. ४ नायक सोडले तर उरलेल्या ३१ राक्षसांमध्ये ८ ऑर्क, ६ गॉब्लिन, ३ फिमीर (एकडोळे, शेपटीवाले राक्षस), ४ सांगाडे, २ झोंबी, २ ममी, ४ केऑस योद्धे, १ दुष्ट मांत्रिक आणि १ गार्गॉइल आहे. माझ्या पेटीत सगळे होते, पण आधीच्या मालकाने नायकांवर चकचकीत इनॅमल रंगाचे जाड थर चढवले होते, दोन सांगाड्यांची कोयत्यासारखी लांब शस्त्रे दांड्यातून तुटली होती आणि एका फिमीरची कुऱ्हाड पार वाकली होती.

जुना रंग काढणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत घाईने बिघडणारे काम आहे. ॲसिटोन या कामासाठी कधीही वापरू नये, कारण त्याने रंगाबरोबर कठीण प्लास्टिकही विरघळते आणि चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत गोळा उरतो. मी ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले. आधी एका पुतळ्याच्या बैठकीच्या खालच्या बाजूला थेंब लावून प्लास्टिक मऊ पडत नाही ना ते पाहिले, मग झाकणाच्या बरणीत पुतळे बुडवून ठेवले. हातमोजे, उघड्या खिडक्या आणि आसपास ज्योत नसणे, या तीन गोष्टींत सवलत नाही. ॲक्रिलिक रंग काही तासांत सुटतो. इनॅमल मात्र चिवट असतो, आणि मांत्रिकाला मला तीन वेळा बुडवून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासावे लागले. तिसऱ्या वेळी निळा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि झग्याच्या बाहीवरच्या चुण्या दिसल्या. त्या चुण्या तिथे आहेत हे इतके दिवस तो पुतळा हाताळूनही मला कळले नव्हते. पेटीवर केलेले सारे श्रम माझ्यापुरते त्या क्षणी फिटले.

सांगाड्यांच्या शस्त्रांची दुरुस्ती हे जास्त नाजूक प्रकरण होते. नुसता सुपर ग्लू लावला तर सांधा दिसायला चांगला दिसतो, पण पहिल्याच धक्क्याला सुटतो, कारण चिकटणारा पृष्ठभाग काडीच्या टोकाएवढाही नसतो. त्यासाठी दोन्ही तुकड्यांत हातड्रिलने अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून आत पितळी तार बसवावी लागते. याला पिनिंग म्हणतात. समोरासमोरची भोके नेमकी जुळण्यासाठी एका तुकड्याच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावून तो दुसऱ्यावर टेकवायचा, म्हणजे जागा आपोआप उमटते. उरलेली फट दोन घटकांच्या इपॉक्सी पुट्टीने भरली आणि ती घट्ट होण्याआधी ओल्या अवजाराने सारखी केली. फिमीरची कुऱ्हाड त्यामानाने सोपी गेली: गरम पाण्यात थोडा वेळ धरली, बोटांनी सावकाश सरळ केली आणि त्याच स्थितीत थंड पाण्यात बुडवली.

आता मूळ शिल्पांविषयी. हे पुतळे आजच्या मानाने ढोबळ आहेत. हात-पाय जाड, चेहऱ्यांवरचे तपशील उथळ, आणि साच्याच्या दोन भागांमधली रेघ जवळजवळ प्रत्येकावर स्पष्ट. ती धारदार पात्याच्या पाठीने खरवडून काढल्याशिवाय रंगाला हात लावू नये. एकाच जातीचे पुतळे बहुतांशी सारखेच असल्यामुळे ओळीने रंगवताना कंटाळा येऊ शकतो. पण हाच ढोबळपणा खेळताना कामाला येतो. खोलगट भाग मोठे असल्याने वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, त्यांत नीट उतरतो, उंचवटे ठसठशीत असल्याने ड्रायब्रशचे, म्हणजे रंग जवळजवळ पुसून घेतलेल्या कोरड्या ब्रशचे, दोन फटकारे पुरतात, आणि नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात पाहण्याजोगा सांगाडा जमतो. हाडाचा रंग, वर तपकिरी वॉश, तो वाळल्यावर फिकट रंगाचा कोरडा ब्रश, एवढ्यात काम होते. नवशिक्यांना मी या पेटीतले सांगाडे सर्वांत आधी घ्यायला सांगेन आणि नायक सर्वांत शेवटी.

रंगसंगतीचा विचार मात्र ब्रश हातात घेण्याआधी व्हायला हवा. मूळ पेटीत नायक लाल प्लास्टिकचे आहेत. ऑर्क, गॉब्लिन आणि फिमीर हिरवे. सांगाडे, झोंबी आणि ममी हाडासारख्या पांढरट रंगाचे. केऑस योद्धे आणि गार्गॉइल करडे. हे रंग वरवर स्वस्त निर्मितीचे वाटतात, पण ते खेळाची माहिती सांगतात. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्याला खोलीत मृतांची टोळी आहे की ऑर्कांची, हे एका नजरेत कळते. मी हे लक्षात न घेता सहाही गॉब्लिन मळकट कातडीचे आणि तपकिरी चामड्याच्या कपड्यांचे केले. हातात घेतल्यावर ते सुंदर दिसत होते. पटावर ठेवल्यावर, हातभर अंतरावरून, ते दगडी फरशीच्या चित्रात बुडाले. पट २६ गुणिले १९ चौकोनांचा आहे आणि त्याची छपाई आधीच गजबजलेली आहे. तिथे पुतळ्याचा रंग आपल्याला योग्य वाटतो त्याहून एक पायरी उजळच हवा. सहाही पुन्हा रंगवले. या वेळी कातडी स्वच्छ हिरवी ठेवली आणि प्रत्येक गटाच्या बैठकीची कड मूळ प्लास्टिकच्या रंगाची केली.

एकसारख्या पुतळ्यांना ओळख देणे हा दुसरा लाभ. ब्रिटिश आवृत्तीत साधे राक्षस एका घावात पडतात, त्यामुळे कोणता ऑर्क कोणता याने फरक पडत नाही. उत्तर अमेरिकी आवृत्तीत ममीला २ आणि केऑस योद्ध्याला ३ जीवनगुण आहेत, म्हणजे तितके घाव बसेपर्यंत ते पडत नाहीत आणि कोण किती जखमी झाला हे लक्षात ठेवावे लागते. चार केऑस योद्ध्यांच्या शिरस्त्राणांवर मी चार वेगळ्या रंगांच्या पट्ट्या दिल्या, आणि तेव्हापासून ‘डावीकडून दुसरा, नाही, त्याच्या मागचा’ हा घोळ आमच्या टेबलावरून गेला.

खेळण्यासाठी रंगवलेल्या पुतळ्याला व्हार्निश अनिवार्य आहे, कारण बोटांच्या घामाने आणि घर्षणाने नाक, खांदे आणि शस्त्रांची टोके आधी उघडी पडतात. आधी चकचकीत व्हार्निशचा टणक थर आणि त्यावर चमक घालवणारा मॅट थर, ही जोडी मला सर्वांत टिकाऊ वाटली. दमट हवेत फवाऱ्याचे व्हार्निश मारू नये. रानटी योद्ध्यावर मी ते मारले आणि वाळताना त्याच्यावर पांढुरके धुके चढले. ब्रशने पुन्हा चकचकीत व्हार्निश लावल्यावर ते बरेचसे निवळले, तरी पाठीवर अजून दिसते.

खेळ म्हणून ही पेटी आजही तग धरते का, याचे उत्तर फाशांत आहे. लढाईच्या फाशाला ३ कवट्या, २ पांढऱ्या ढाली आणि १ काळी ढाल असते. कवटी म्हणजे घाव. नायक पांढऱ्या ढालीने वाचतो आणि राक्षस काळ्या ढालीने. म्हणजे बचावाच्या प्रत्येक फाशावर नायकाला राक्षसाच्या दुप्पट संधी आहे. नियम समजावताना हे सांगावेही लागत नाही, कारण फासाच ते सांगतो. रानटी योद्धा तीन फाशांनी गॉब्लिनवर तुटून पडतो आणि गॉब्लिन एका फाशाने बचाव करतो, तेव्हा गॉब्लिन पडण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते. योद्ध्याला बळ जाणवते, आणि उरलेल्या १९ टक्क्यांमुळे फासा टाकताना टेबल शांत होते. इतक्या थोड्या नियमांत एवढी उत्कंठा देणारे खेळ मी फार कमी पाहिले आहेत.

चालीचा नियम मात्र जुना झाला आहे. दोन फासे टाकून तितके चौकोन चालायचे असल्याने रिकाम्या बोळात एखाद्याची पाळी २ किंवा ३ वर वाया जाते, आणि सगळे राक्षस मारून झाल्यावर खोल्या धुंडाळत परतणे रेंगाळते. मांत्रिकाच्या वाट्याला हल्ल्याचा एकच फासा आहे. त्याचे मंत्र संपले की त्या खेळाडूला कडेला उभे राहावे लागते. जाणत्या खेळाडूंना १४ मोहिमांमधल्या काही फार सोप्या वाटतील. मुलांबरोबर खेळताना या उणिवा मला जाणवल्या नाहीत, मोठ्यांबरोबर जाणवल्या.

२०२१ मध्ये ॲव्हलॉन हिलच्या नावाने नवी आवृत्ती आली. तिच्यातील शिल्पे अधिक तपशीलवार आहेत, सूत्रधाराची भूमिका करणारे ॲपही आहे, पण फिमीर आणि केऑस योद्धे मूळ रूपात आणि नावाने उरलेले नाहीत. ज्यांना लगेच खेळायचे आहे त्यांनी ती घ्यावी. तो एकडोळ्या, शेपटीवाला फिमीर हवा असेल, तर जुन्या पेटीला पर्याय नाही.

जुनी पेटी घेताना पुतळ्यांच्या रंगाने किंवा मोडतोडीने बिचकू नये. ते सारे सुधारते. त्याऐवजी पत्ते मोजावेत, लढाईचे फासे आहेत ना ते पाहावे आणि पटाची घडी उघडून दुमडीची रेघ तपासावी. लाकडी सामानाची नक्कल करणारे पुठ्ठ्याचे भाग ओल लागून फुगलेले असतील तर ते पुन्हा बसत नाहीत. शेवटी त्या सामानावर लावायच्या इवल्या प्लास्टिकच्या कवट्या आणि उंदीर यांची चौकशी करावी. सर्वांत आधी तेच हरवतात, आणि माझ्या पेटीतला एक उंदीर मी अजून शोधतो आहे.