घरच्या भट्टीवर घडवलेल्या सुऱ्या: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीनंतर गोराईला मामांच्या परसात भट्टी मांडली. आता ऑगस्ट संपत आलाय. या दहा महिन्यांत तिच्यावर ७ पाती घडवली. ४ रोजच्या स्वयंपाकात आहेत, २ तडकली, आणि आईच्या विळीसाठी केलेलं एक पातं पाणी देताना, म्हणजे लाल तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम गार करून कडक करताना, वाकलं, ते अजून तसंच आहे. पावसाळा बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण साध्या पोलादाची परीक्षा मुंबईत जुलैमध्येच होते.

मी राहतो भांडुपला, दुसऱ्या मजल्यावर. तिथे हे शक्यच नव्हतं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. बंद गॅलरीत किंवा गच्चीवरच्या खोलीत भट्टी पेटवायचा विचारही करू नका. म्हणून शनिवारी बोरिवलीहून खाडीची बोट पकडायची आणि मामांकडे जायचं, असं चाललंय.

भट्टी म्हणजे गवंडी वापरतात ते मोठं घमेलं. आतून चिकणमाती, वाळू आणि चाळलेली राख कालवून लिंपली, मधोमध उतरत्या बाजूंची चर ठेवली आणि एका अंगाने एक इंची काळा लोखंडी पाइप आत सोडला. जीआय पाइप घेऊ नका. त्यावरचं जस्त तापलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. लिंपण सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्यायला हवं होतं. मी दोनच दिवसांत पेटवली आणि ओल अडकलेला एक पापुद्रा फाटकन उडाला. तेव्हापासून डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय परसात कुणालाही उभं राहू देत नाही.

भात्याच्या जागी आधी केस वाळवायचा ड्रायर लावला होता. त्याचा वारा फार आणि तो कमी करता येत नाही. दुसऱ्याच पात्याचं टोक फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवत जळालं. जळलेलं पोलाद पुन्हा सुधारत नाही, तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो. मग नागदेवीहून हाताने फिरवायचा ब्लोअर आणला आणि सगळा कारभारच बदलला. हात थांबला की वारा थांबतो. कोळसा लाकडाचा, तंदूरवाले घेतात तोच, लिंबाएवढे तुकडे करून. एका संध्याकाळी ४-५ किलो लागतो.

ऐरणीसाठी बरेच जण रुळाचा तुकडा सुचवतात. भंगारात कुणी देऊ केला तरी घेऊ नका. रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. मी दारूखान्यातून २२ किलोचा जाड लोखंडी ठोकळा आणला आणि बाभळीच्या ओंडक्यावर बसवला. भट्टी, ब्लोअर, ठोकळा, लांब दांड्याची सांडशी आणि दोन हातोडे मिळून साडेचार हजार गेले. नंतर जवळजवळ तेवढेच पैसे कानशी, पॉलिश पेपर आणि धारेच्या दगडांवर गेले. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मासळीच्या सुरीला आगीजवळ तीन तास लागले आणि कानशीवर सोळा. सुरी घडवणं म्हटलं की ऐरणीवरचे घाव डोळ्यांसमोर येतात, पण खांदे भरून येतात ते कानस ओढताना.

पोलाद दोन प्रकारचं वापरलं, ट्रकच्या कमानीचा पट्टा आणि झिजलेली जुनी कानस. बांधकामाच्या साध्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो, तिला कितीही पाणी द्या, धार धरण्याइतकी ती कडक होत नाही. कमानीत तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, चांगल्या कानशीत एक टक्का किंवा जास्त. कमानीचा पट्टा बोटाएवढा जाड असल्याने ठोकून पातळ करायला जीव जातो. कानस सोपी. लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवली की मऊ पडते. मात्र तिचे दाते पूर्ण घासून काढा, त्यातला एखादा जरी राहिला तरी चीर तिथूनच सुरू होते.

आता पाणी देण्याविषयी, कारण माझी दोन्ही पाती गेली ती इथेच. पहिलं पातं दुपारी बाराच्या उन्हात तेलात बुडवलं. टणक झालं, आणि हातातून लादीवर पडताच दोन तुकडे. ते तुकडे घेऊन दहिसरला रस्त्याकडेला कोयते घडवणाऱ्या एका घिसाडी कुटुंबाकडे गेलो. आजी घण मारत होत्या, बाबा भट्टीवर होते. आजींनी तुकडा हातात घेऊन मोडलेली जागा पाहिली आणि विचारलं, “उन्हात पानी दिलं व्हतं का रं, बाळा?” दिलं होतं. उन्हात लाल रंग फिका दिसतो, म्हणून आपण तापवतच राहतो. जास्त तापलेल्या पोलादाचा दाणा जाड्या रव्यासारखा होतो, आणि माझ्या तुकड्यात तो तसाच दिसत होता. बरोबर तापलेलं पातं मोडलं तर आत मैद्यासारखी राखाडी जागा दिसते. त्यानंतर चार संध्याकाळी तिथे जाऊन नुसता बसलो आणि रंग बघत राहिलो. पुस्तकातल्या रंगांच्या तक्त्यापेक्षा त्या चार संध्याकाळी मला जास्त उपयोगी पडल्या.

दुसरं पातं कानशीचं होतं. ते मी साध्या पाण्यात विझवलं आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर गेली. इतक्या कार्बनच्या पातळ पात्याला पाण्याचा धक्का सोसत नाही.

आता माझी रीत ठरून गेली आहे. काम दिवेलागणीनंतर. आधी तीन वेळा लाल करून हवेतच गार होऊ द्यायचं, त्याने दाणा बारीक होतो. मग शेवटचं तापवताना मधूनमधून लोहचुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंशांना पोलादाला चुंबक धरत नाही. त्याच्या किंचित वर, पात्याचा रंग टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा दिसला की सरळ तेलात. कमानीला आणखी थोडी आच लागते. तेल शेंगदाण्याचं, ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं, उंच लोखंडी डब्यात. वर भडका उडतो, म्हणून डब्याचं झाकण आणि वाळूची बादली हाताशी. पेटत्या तेलावर पाणी कधीच नाही.

मग पातं काचेसारखं ठिसूळ असतं, त्याला लगेच शेकावं लागतं. दोनशे अंशांवर एक-एक तास, दोनदा. मी जुना ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, फक्त यासाठी ठेवलाय. पहिल्या वेळी त्याच्या बटणावर विश्वास ठेवला आणि पातं निळं होऊन बाहेर आलं. निळा म्हणजे तीनशेच्या जवळपास, धारेला नको तितकं मऊ. आता आत वेगळा थर्मामीटर ठेवतो आणि फिक्या गवताचा पिवळा रंग आला की समाधान वाटतं.

रोजच्या वापरात काय दिसलं? कमानीची सात इंची सुरी मासळीसाठी आहे. सुरमईच्या काट्यावर पहिल्याच आठवड्यात धारेला बारीक दाते पडले, कारण धार फार पातळ घासली होती. कोन थोडा वाढवल्यावर तक्रार नाही. तीन आठवड्यांनी एकदा दगडावर फिरवली की पुरते. कानशीची साडेतीन इंची सुरी भाजीसाठी आहे. तिची धार महिना-दीड महिना टिकते आणि पिकलेला टोमॅटो दाब न देता कापते. घरात सगळ्यांचा हात आधी तिच्याकडेच जातो. मात्र नारळाच्या करवंटीपासून तिला लांब ठेवा.

कांदा आणि कैरी यांनी पातं काळवंडतं. सुरुवातीला कांद्यालाही काळपट डाग पडायचे, दोन महिन्यांत पात्यावर राखाडी थर बसला आणि ते थांबलं. जुन्या विळ्या वापरलेल्या घरांत याचं कुणाला नवल वाटणार नाही. पावसाळ्याचं मात्र वेगळं. जुलैत बोंबील कापून सुरी ओट्यावर तशीच राहिली, तासाभरात नारिंगी ठिपके. आता धुतली की लगेच पुसायची आणि औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचं बोट फिरवायचं. पातं वाचलं, मुठीने दगा दिला. सागवान फुगला, पोलाद आणि लाकडाच्या सांध्यात पाणी शिरलं आणि आतून गंज धरला. मूठ काढून शिसवीची बसवली, सांध्यात आधी अराल्डाइट भरलं आणि वरून मेण चोळलं. त्यानंतर महिनाभर पाऊस झाला, सांधा कोरडा आहे.

भट्टी स्वतः पावसात बंदच होती. दमट कोळसा तडतडून ठिणग्या फेकतो, आणि भिजलेल्या लिंपणाचा पहिला अनुभव पुरेसा होता. घमेलं आणि कोळशाची गोणी आत पडवीत ठेवली आहे.

मी फक्त स्वयंपाकाच्या सुऱ्या करतो, आठ इंचांच्या आत. घरगुती किंवा शेतीच्या कामाचं नसलेलं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याखाली येतं, त्यामुळे खंजीर-तलवारीच्या फरमाइशींना सरळ नाही म्हणतो.

विळीचं पातं गणपतीनंतर पुन्हा तापवणार आहे. ते वाकलं कारण बाकदार पातं मी आडवं बुडवलं आणि एक बाजू आधी गार झाली. या वेळी टोक खाली धरून उभं सोडायचं. तेलातून काढल्यावर काही क्षण पातं अजून वळतं, तेवढ्यात दोन सागवानी फळ्यांमध्ये दाबून धरायचं. फळ्या तासून तयार आहेत.