‘आज पॅलेस बंद आहे’ असं सांगणारा भेटला तर न थांबता पुढे चालत राहा (बँकॉक)

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडचे बरेच जण बँकॉकला जातात, सोबत आईबाबा नाहीतर सासूसासरे असतात, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय. आमची जी फसवणूक झाली ती तिथे वर्षानुवर्षं ह्याच पद्धतीने चालू आहे आणि तरीही रोज नवीन माणसं त्यात अडकतात.

आईबाबा आणि मी बोटीने था चांगच्या धक्क्यावर उतरलो आणि ग्रँड पॅलेसच्या, म्हणजे तिथल्या राजवाड्याच्या, पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालत निघालो. तिकिटाची खिडकी अजून लांब होती. तेवढ्यात पन्नाशीचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, हसून नमस्ते म्हणाला, कुठून आलात, मुंबई का वगैरे. मग म्हणाला आज सकाळी मोठी पूजा आहे, आत फक्त थाई लोकांना सोडतायत, फॉरेनरसाठी एक वाजता उघडेल. पटण्यासारखंच आहे ना, थाई लोक आत जाताना समोर दिसत होते आणि तिथे राजघराण्याचे विधी खरोखर होतात. त्याने आईच्या हातातला नकाशा घेऊन पेनाने गोल करून दिले, इथे उभा बुद्ध, इथे अजून एक देऊळ, आणि मधे एक ‘एक्स्पोर्ट सेंटर’, तिथे म्हणे सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस. टुकटुक (तिथली रिक्षा) त्यानेच थांबवली, सगळं फिरवायचे मिळून फक्त ४० बाट ठरवून दिले आणि निघून गेला. स्वतःसाठी काहीच मागितलं नाही.

पहिलं देऊळ वाट इंथाराविहान (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ). तिथली ३२ मीटर उंच सोनेरी बुद्धमूर्ती खरंच बघण्यासारखी आहे, त्यात खोटं काही नाही. पण तिथे बाकावर एक गृहस्थ बसले होते, ते आपणहून बोलायला लागले आणि बोलता बोलता त्याच एक्स्पोर्ट सेंटरचं नाव काढलं, मी मुलीच्या लग्नासाठी तिथूनच घेतलं, आज शेवटचा दिवस आहे म्हणाले. इथे खरा डाव आहे. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं दोन ठिकाणी एकच गोष्ट सांगतात, मग संशय कशाला येईल?

मग टुकटुकने त्या एक्स्पोर्ट सेंटरला नेलं, ते खड्यांचं दुकान निघालं. आत एसी, थंड पाणी, ‘इंडिया’ ऐकल्यावर सेल्समनने थेट नीलमचा ट्रे काढला. शनी, साडेसाती हे शब्द त्याला पाठ होते. बाबांची रास कुंभ. पांढऱ्या कागदावर खडा ठेवून वरून दिव्याचा झोत टाकला की नुसता निळा उजेड दिसायचा. आईने विचारलं बाहेर उन्हात बघू का, तर ‘सिक्युरिटी, मॅडम’ म्हणून लगेच सर्टिफिकेट पुढे केलं. २४,००० बाट, म्हणजे आपले साठ हजारांच्या आसपास, कार्डवर घेतले. बाहेर आलो तर टुकटुक गायब.

टॅक्सी करून पॅलेसला परत पोचेपर्यंत खिडकी बंद झाली होती. बोर्डावर वेळ लिहिलेली, रोज सकाळी ८.३० ते दुपारी ३.३०. दुसऱ्या दिवशी पहाटेची फ्लाइट होती. आईला पॅलेसच्या आवारातलं पाचूच्या बुद्धाचं देऊळ बघायचं होतं, कित्येक महिने ती त्याबद्दल बोलत होती. मला पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतं.

पुण्यात खडा तपासून घेतला. दगड नीलमच आहे, पण भेगांमधे निळी काच भरलेली, किंमत सांगितलेल्याच्या दहावा हिस्साही नाही. सर्टिफिकेट दुकानाच्या ओळखीच्याच लॅबचं. बँकेने हात वर केले, सही तुमची, माल तुम्हाला मिळाला.

आता जाणाऱ्यांसाठी. पॅलेसचं तिकीट ५०० बाट आहे, त्यात पाचूच्या बुद्धाचं देऊळ येतं. उघडं आहे की बंद हे फक्त तिकीट खिडकीवर किंवा त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर बघा, रस्त्यावर कोणाच्याही गळ्यात कसलंही कार्ड असो. कपडे चालणार नाहीत म्हणून बाजूच्या दुकानात नेणारे पण भेटतात, घरूनच फुल पँट आणि बाह्यांचे कपडे घालून निघा. मेट्रोचं सनाम चाय स्टेशन वाट फोच्या जवळच आहे, तिथून पॅलेसला चालत जाता येतं. वाट अरुणला जायला था तियेनच्या धक्क्यावरून अगदी थोड्या बाटांत नदी ओलांडणारी फेरी आहे, कोणी हजार दीड हजाराची प्रायव्हेट बोट घ्या म्हणालं तर ऐकू नका. दामनोएन सदुआकच्या तरंगत्या बाजाराला स्वतःची वेगळी गाडी ठरवून जाणार असाल तर ड्रायव्हर अलीकडच्याच एखाद्या खासगी धक्क्यावर उतरवतो आणि तिथे बोटीचे भलतेच पैसे सांगतात, त्याला सरळ बाजारापर्यंत न्यायला सांगा, काठाने पायी पण फिरता येतं.

आणि एखादा टुकटुकवाला फारच स्वस्तात दिवसभर फिरवतो म्हणाला तर समजा की त्याला दुकानाकडून कुपन आणि कमिशन मिळतं, भाडं तो तुमच्याकडून काढतच नाही.

ज्यांनी असा खडा ऑलरेडी घेतलाय आणि जे अजून थायलंडमधेच आहेत त्यांनी आजच्या आज ११५५ ला फोन करा, तो टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे, इंग्रजीत बोलता येतं. पावती, कार्डची स्लिप, दुकानाच्या पाटीचा फोटो जवळ ठेवा, डबी उघडून खडा अंगठीत बसवू नका. भारतात परत आल्यावर दुकान फोन उचलत नाही, आम्ही अजून करतोय.